दादाने मागितलेली चंची

मित्रांनो, मला पाहून हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग मी बोलते. विटलेलं लाल कापड, जागोजाग ठिगळं आणि गुंडाळी करून बांधायला एक कळकट दोरी, एवढाच माझा संसार. मी एक जुनी चंची आहे. पूर्वी गावाकडची माणसं पान, सुपारी, चुन्याची डबी आणि तंबाखू ठेवायला कापडाची कप्प्याकप्प्यांची पिशवी शिवून घेत आणि कमरेला खोवत. तिलाच चंची म्हणत.

माझा जन्म प्रवरेकाठच्या कोल्हारचा. माझं कापड एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पागोट्याचं. नवनाथांवर त्याची फार श्रद्धा, म्हणून थोरल्या मुलाचं नाव गोरक्षनाथ आणि धाकट्याचं गहिनीनाथ. म्हातारा गेला तेव्हा थोरली सून मालनबाई हिने त्याच्या पागोट्याच्या दोन चंच्या शिवल्या, एक नवऱ्याला आणि एक दिराला. दिराची ती मी. माझे टाके इतके बारीक होते की शेजारच्या बाया मला हातात घेऊन उलटसुलट करून बघायच्या. तेव्हा मी फार मिरवायचे, खोटं कशाला बोलू!

आता चंचीची रीत ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं. कुणी ‘चंची टाक’ म्हटलं की सबंध चंची त्याच्यापुढे टाकायची. समोरच्याने आपल्या हाताने हवं ते घ्यायचं. आपण चिमूट काढून दिली तर त्याच्यावर विश्वास नाही असा अर्थ व्हायचा. आणि ज्याच्याशी बोलणं तुटलं त्याच्याकडे चंची मागायची नाही. मागितली की भांडण मिटलं. मग कुणी कुणाची समजूत घालत बसत नसे.

माझे मालक गहिनीनाथ शेती करायचे आणि कविता लिहायचे. त्यांच्या कविता चांदण्याच्या आणि पाखरांच्या नव्हत्या. माणसाचं मन हलवणाऱ्या झाडांचं त्यांना वेड होतं. तंबाखू, भांग, मोहाचं फूल, अफूचं बोंड, धोतरा, या सगळ्यांवर मिळून ते एक लांबलचक कविता रचत होते. माणसाने कोणत्या झाडाला देवाजवळ बसवलं, कोणत्या झाडाला चोर ठरवलं आणि कोणतं गुपचूप घरात ठेवलं, हे त्यांना शोधायचं होतं. लेकरू झोपून राहावं म्हणून त्याला अफूचं बोट चाटवून कामावर जाणाऱ्या बाईचं कडवं त्यांनी रचलं, त्या दिवशी मी ओली झाले. त्यांनी डोळे माझ्या कापडानेच पुसले होते.

लोकांना वाटायचं, हा माणूस दिवसभर नशेत असणार. अहो, कसली नशा! भांगेचा घोट नाही, गांजाचा झुरका नाही. तंबाखूची चिमूट तेवढी खरी, आणि तीही निम्मी लोकांनाच जायची. अकोले तालुक्यातल्या डोंगरात मोह वेचणाऱ्या बायांकडे, पुणतांब्याच्या घाटावर बसलेल्या बैराग्यांकडे, नगरला औषधी झाडपाला विकणाऱ्या फक्रुद्दीनभाईंच्या दुकानात, कुठेही गेले की ते आधी मला पुढे टाकायचे. मी पडले की माणूस मोकळा व्हायचा. मग मालक ऐकत बसायचे, मध्ये बोलायचे नाहीत. असं ऐकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि याच कवितेने घर फोडलं. सत्तर सालच्या शिवरात्रीला देवळापुढे त्यांनी गांजाचं कडवं म्हणून दाखवलं. देवळात जे पान प्रसाद होतं तेच चावडीवर गुन्हा कसं होतं, असं काहीतरी त्यात होतं. लोक हसले, टाळ्याही पडल्या. पण तिथे गोरक्षनाथांच्या मुलीला, चांगुणाला, बघायला आलेले पाहुणे बसले होते. मुलीचा चुलता गांजेकस आहे, असं म्हणून ते सोयरीक न करताच उठून गेले. गोरक्षनाथांनी भावाला एक शब्दही विचारला नाही. त्या दिवसापासून त्यांनी चंची मागणं बंद केलं, एवढंच. दोन घरं, मध्ये एकच अंगण. मालकांचे हे दादा समोरून जायचे, त्यांच्या कमरेला माझी जुळी बहीण असायची आणि मालक मान खाली घालून दाराशी बसलेले असायचे. मला फार वाईट वाटायचं.

या अबोल्याच्या काळात माझ्यात एक बदल झाला. पूर्वी पहिल्या कप्प्यात पानसुपारी आणि दुसऱ्यात तंबाखू असे. आता मालक ठिकठिकाणचा झाडपाला जमवू लागले, म्हणून तंबाखू त्यांनी पहिल्या कप्प्यात आणला आणि बाकीचे कप्पे त्या पाल्याला दिले. अख्ख्या गावाला हे ठाऊक झालं. गहिनीनाथाच्या चंचीत पहिला कप्पा सोडून हात घालायचा नाही, हे पोरंसोरंसुद्धा सांगत. ठाऊक नव्हतं ते एकट्या दादांना.

मग त्र्याहत्तरचा उन्हाळा आला. आदल्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. दादांच्या रानात ढेकळं आणि भेगा यांशिवाय काही नव्हतं. अशात चांगुणाची सोयरीक पुणतांब्याला जुळली. पण पोरगी हट्टाला पेटली. काका मांडवात नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही, असं तिने बापाच्या तोंडावर सांगितलं. आणि एका दुपारी दादा अंगण ओलांडून आमच्या ओट्यावर येऊन बसले.

माझ्या मालकीणबाई रतनबाई पाण्याचा तांब्या ठेवून दाराआड उभ्या राहिल्या. दादा वर आढ्याकडे बघत होते. त्यांची स्वतःची चंची भरलेली होती, कमरेला फुगलेली मला दिसत होती. तरी ते म्हणाले, “गहिन्या, चंची टाक.”

तीन वर्षांनी! मालकांनी मला सोडलं आणि दादांपुढे टाकलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. पण दादांचा हात जुन्या सवयीने दुसऱ्या कप्प्यात गेला आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. त्या कप्प्यात धोतऱ्याचा वाळलेला पाला होता. फक्रुद्दीनभाईंनी तो कागदात बांधून, जपून ठेवा असं बजावून दिला होता. मालकांनी सकाळीच कडवं रचताना वास घ्यायला तो चुरगाळला होता आणि कागदाशिवाय तसाच आत ठेवला होता. मी ओरडले असते, पण कापडाला तोंड कुठलं? आणि मालकांचे डोळे भरून आले होते, त्यांना कप्पा काय दिसणार!

दादांनी चुना लावून चिमूट मळली आणि तोंडात टाकली. चव वेगळी लागली असणार, कारण त्यांचं तोंड वाकडं झालं. पण इतक्या दिवसांनी भावाच्या चंचीतली चिमूट घेतली आणि लगेच थुंकली तर त्याला काय वाटेल? त्या भल्या माणसाने तो रस गिळला, वर आणखी एक चिमूट घेतली आणि लग्नाचं आवतण देऊन ते उठले.

दिवस कलायच्या आत समोरच्या घरात गलका झाला. दादांचा चेहरा लालबुंद, तोंडाला कोरड, डोळ्यांची बुबुळं मोठी झालेली, आणि समोर नसलेल्या माणसांशी बोलणं चाललेलं. कुणी म्हणालं ऊन लागलं, कांदा फोडून हुंगवा. कुणी म्हणालं बाहेरचं काही झालं, अंगारा लावा. मालक धावत आले, त्यांनी दादांचे डोळे पाहिले आणि मला कमरेची सोडून उघडलं. दुसऱ्या कप्प्यातला पाला निम्मा झाला होता.

मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. सगळे ऊन लागलं असंच म्हणत होते. मालक गप्प राहिले असते तर त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं. आणि बोलले असते तर आत्ताच जुळलेला भाऊ, जुळलेली सोयरीक, सगळंच जाण्याची भीती होती. नवऱ्या मुलाचा मामा तिथेच बसलेला होता. मालकांनी मला सगळ्यांपुढे वर धरलं.

“ऊन न्हाई लागलं. माझ्या चंचीतला धोतरा दादाच्या पोटात गेलाय. गाडी बघा, दवाखान्यात न्यायचंय.”

मालनबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, ज्या हातांनी शिवली त्याच हातांनी ही बाई आता मला फाडणार. पण त्या नवऱ्याला उठवू लागल्या. टेम्पोतून दादांना तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी पोट धुवून काढलं आणि म्हणाले, काय खाल्लंय ते नीट कळलं म्हणून बरं, उन्हाचा रोगी समजून उपचार केले असते तर जिवावर बेतलं असतं.

जीव वाचणार होता, पण भ्रम उतरायला वेळ होता. दादा खाटेवर राहीनात. दवाखान्याच्या ओसरीवर ते उभे राहिले आणि त्यांना चहूकडे जोंधळा दिसू लागला. हिरवागार, डोक्याएवढा, कणसं भरलेला. येणाऱ्याजाणाऱ्याला ते बजावत होते, “हळू चाला, ताटं मोडू नका. लई दिसांनी पीक आलंय.” बघणारे हसत होते. मालक हसले नाहीत. ते दादांच्या पुढे झाले, दोन्ही हातांनी जोंधळ्याची नसलेली ताटं बाजूला सारू लागले आणि म्हणाले, “दादा, हिकडून ये. हितं वाट हाय.” असे ते दोघे भाऊ दिवस मावळेपर्यंत त्या कोरड्या फरशीवर हिरव्या रानातून चालत होते. मालनबाई भिंतीला टेकून बघत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. मालक किती मोठे कवी आहेत, ते मला त्या दिवशीच कळलं.

दुसऱ्या दिवशी दादा शुद्धीवर आले आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांना काहीच आठवत नव्हतं. मालकांनी मात्र घरी येताच माझे सगळे कप्पे चुलीत झटकले, मला धुतलं आणि खुंटीला अडकवलं. कविता थांबली. रतनबाईंनी परोपरीने सांगून पाहिलं, पण ते लिहायला बसेनात. मी खुंटीवर मोकळी लोंबत होते. भरलेली असताना मी किती गर्वाने फुगायचे, त्याची आता आठवण येत होती.

लग्नाचा दिवस आला. पाण्याचा तोटा, म्हणून जेवणावळ बेताचीच होती. रतनबाईंनी मला खुंटीवरून काढून मालकांच्या कमरेला बळेच खोवलं होतं. मालक मांडवात एका कडेला बसले होते, कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते. दादा नव्या व्याह्यांबरोबर बसले होते. मालनबाईंनी दादांना दवाखान्याच्या ओसरीवरचं सगळं सांगितलं होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एकाएकी त्यांचा आवाज मांडवभर गेला.

“गहिन्या, चंची टाक.”

नवरदेवाच्या मामाचं पान चघळणारं तोंड थांबलं. “दादा, ती मोकळी हाय,” मालक कसंबसं म्हणाले.

“मोकळी तर मोकळी. टाक.”

मी दादांपुढे पडले. त्यांनी कमरेची स्वतःची चंची सोडली, तिच्यातला तंबाखू मुठीने काढला आणि माझ्या दुसऱ्या कप्प्यात भरला. बहिणीचा आणि माझा वास एक झाला. मग ते म्हणाले, “मला म्हनं हिरवं रान दिसलं. मला कायबी याद न्हाई रं. तू संगं होतास, तूच लिव्ह. मला ते वाचून बघायचंय.”

मालनबाईंनी पुढे झाडपाल्यासाठी एक वेगळी पांढरी पिशवी शिवून दिली आणि तिच्या तोंडाला काळा दोरा लावला. ती उंच फळीवर राहायची, कमरेला कधीच नाही. मालकांनी कविता पुरी केली. धोतऱ्याचं कडवं त्यांनी पहिल्यांदा अंगणात दादांना म्हणून दाखवलं. त्याच्या शेवटच्या ओळी मला पाठ आहेत:

धोतऱ्या, तू दादाला काय दिलंस?
त्याचंच रान त्याला दाखवलंस.
पाऊस तेवढा तुझ्या हाती नव्हता.

ते ऐकून दादांनी हात पुढे केला आणि मी आपण होऊनच गेल्यासारखी त्यांच्यापुढे जाऊन पडले.

आता मी पुणतांब्याला चांगुणाच्या ट्रंकेत असते. तिची नातवंडं माझ्यात चिंचोके ठेवतात. मित्रांनो, चंची असून सांगते, तंबाखूच्या वाटेला जाऊ नका, आणि ओळख नसलेला पाला तोंडात घालू नका. त्यातलं वाईट मी जवळून पाहिलं आहे. पण मागायची रीत तेवढी सोडू नका. कुणाशी अबोला धरला असेल तर आपल्याजवळ सगळं असतानाही एकदा त्याच्या दारात जा आणि त्याच्याकडे काहीतरी मागा. चिंचोके मागितलेत तरी चालेल.