काय लिहिलंय ते वाचायचं नाही

नॉरफेल गावात त्या वर्षी जो नियम झाला तो आर्ने ट्वेटनं मागितला म्हणून झाला, आणि त्यात पहिली सापडली ती त्याचीच मुलगी. मी आमच्या गावचं साप्ताहिक चालवते, त्यामुळे या प्रकरणात जिथे जिथे काही घडलं तिथे मी हजर होते. तरी त्यातल्या काही गोष्टींचं मला अजून नवल वाटतं.

वसंतात शेजारच्या गावी इराकच्या युद्धात मेलेल्या एका पोराचं दफन होतं. तिथे दूरच्या मिसुरी राज्यातून एक मंडळी आली. सगळी एकाच कुटुंबातली, चर्चही त्यांचं घरचंच. देव या देशावर कोपलाय आणि सैनिक मरतात ती त्याचीच शिक्षा, असं ते मानतात. चर्चच्या दारासमोर रंगीत फलक धरून ते गात उभे राहिले. फलकांवर त्या पोराचं नाव आणि खाली ‘देवानं योग्य केलं’. त्याच्या आईला दोघांनी धरून आत न्यावं लागलं.

आर्नेचा मुलगा ब्रेंट तेव्हा इराकमध्येच सैन्यात होता. आर्ने गायी पाळणारा माणूस. चर्चमध्ये प्रार्थनासुद्धा ओठातल्या ओठात म्हणणारा. पण गावच्या सभेत तो टोपी हातात घेऊन उभा राहिला.

“माझ्या पोराचं काही बरंवाईट झालं,” तो म्हणाला, “तर ही माणसं माझ्या बायकोच्या डोळ्यांसमोर नकोत. एवढंच सांगायचं होतं.”

त्यावर कोण काय बोलणार? नियम एकमतानं झाला. अंत्यविधी चालू असताना चर्चच्या किंवा दफनभूमीच्या जवळ, फुटबॉलच्या मैदानाएवढ्या अंतरात, कोणी फलक घेऊन उभं राहायचं नाही.

मागच्या रांगेत ब्रेंटची थोरली बहीण इंग्रिड बसली होती. ती जनावरांच्या डॉक्टरकडे काम करते आणि लहानपणापासून प्रश्न विचारून लोकांना भंडावते. तिनं विचारलं, “आणि फलकावर काही चांगलं लिहिलेलं असलं तर?”

“तरी नाही,” गावचे वकील म्हणाले. “काय लिहिलंय ते आपण वाचायचंच नाही. वाचून कोणाला हटवायचं ते ठरवलं, तर कोर्ट हा नियम कचऱ्यात टाकेल. काय बोलायचं ते आपण सांगू शकत नाही, कुठे उभं राहायचं तेवढं सांगू शकतो.”

“म्हणजे डोळे मिटून.”

“तसंच समज.”

मी ते लिहून घेतलं. मजेशीर वाटलं होतं.

मक्याची कापणी सुरू झाली तेव्हा ब्रेंट गेला. रस्त्यात पुरलेल्या बॉम्बनं. त्याला तिसऱ्यांदा पाठवलं होतं. दुसऱ्या खेपेहून परत आला तेव्हा तो रात्रभर गोठ्यात बसून राहायचा, गायींच्या आवाजात बरं वाटतं म्हणायचा. हे इंग्रिडनं मला नंतर सांगितलं. गावात हे कोणालाच माहीत नव्हतं.

त्याच्या दफनाला मिसुरीची मंडळी येणार अशी बातमी आली, आणि ती आलीही. पण आमचा नियम त्यांनी तंतोतंत पाळला. रस्त्यापलीकडच्या धान्याच्या कोठाराजवळ उभे राहून गायले. वारा उलट्या दिशेचा होता, चर्चच्या आत काही ऐकू आलं नाही. चर्चच्या वाटेवर दोन्ही बाजूंना आमचे लोक देशाचे झेंडे धरून उभे होते. वॉशिंग्टनचे आमचे खासदारही येणार होते.

त्यांची गाडी वळली तेव्हा इंग्रिड फाटकाजवळ येऊन उभी राहिली. काळा झगा, हातात पुठ्ठा. त्यावर जाड अक्षरांत एवढंच: ‘तिसऱ्यांदा का पाठवलंत?’

पोलिसांतला डुएन तिथे बंदोबस्ताला होता. ब्रेंटबरोबर तो शाळेत होता, दोघं मिळून हरणांच्या शिकारीला जायचे. त्यानं आधी न पाहिल्यासारखं केलं. मग लोक त्याच्याकडे बघायला लागले आणि त्याला यावं लागलं.

“इंग्रिड, ते खाली ठेव गं.”

“वाचलंस का?”

“वाचायचं नसतं.”

“पण वाचलंस ना?”

डुएननं होकारार्थी मान हलवली. “मलाही तेच विचारायचंय त्यांना. पण इथे नाही. कोठाराजवळ जाऊन उभी राहा, मी काही बोलणार नाही.”

“त्यांच्या शेजारी? माझ्या भावाच्या दफनाला?” तिनं झेंडेवाल्यांकडे बोट केलं. “मग यांना का नाही हटवत?”

“झेंडा म्हणजे फलक नाही.”

“का? त्यातून काही सांगायचं नसतं म्हणून?”

  खासदार पुठ्ठ्यावरून नजर फिरवून आत गेले. डुएननं तिच्या हातात दंडाची चिठ्ठी दिली, पुठ्ठा घेऊन आपल्या गाडीत अक्षरं वर राहतील असा ठेवला आणि तिला दारापर्यंत सोडलं. पहिल्या बाकावर आर्नेनं सरकून तिला जागा दिली, पण तिच्याकडे बघितलं नाही. दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी आणि हॅमचे सँडविच झाले, तिथेही बापलेक दोन टेबलांवर होते.

दंड भरला असता तर तिथेच संपलं असतं. ती म्हणाली, मी कोर्टात जाणार. ही बातमी मी छापली आणि चारच दिवसांत तिला मिसुरीहून फोन आला. त्या मंडळींची वकील. टॅबिथा तिचं नाव. तुमचा खटला फुकट लढते म्हणाली.

“भेटणार आहेस?” मी विचारलं.

“हो. तुम्ही चला बरोबर. मला बघायचंय ती जवळून कशी दिसते.”

हमरस्त्यावरच्या खानावळीत आम्ही भेटलो. टॅबिथा चाळिशीची, नीटनेटकी, केस घट्ट बांधलेले. तिनं कॉफीबरोबर गोड म्हणून ऱ्हुबार्ब पाय मागवला आणि खानावळवालीला इतक्या अदबीनं धन्यवाद दिले की मला कसंतरी झालं.

“तुमचा नियम झेंड्यांच्या मुद्द्यावर पडेल,” ती म्हणाली. “झेंड्याला सूट आणि पुठ्ठ्याला बंदी, म्हणजे गावानं बाजू घेतली. तुम्ही फाटकाजवळ नेमका मुद्दा काढलात.”

“माझा भाऊ नरकात गेला असं गात होतात तुम्ही.”

“हो.”

“आणि आता मला वाचवायला आलात?”

“तुम्हाला नाही. मला नियम पाडायचाय.” तिनं हे इतक्या सरळपणे सांगितलं की इंग्रिडला राग यायला हवा होता. पण ती पुढे झुकली.

“तुम्ही खरंच मानता ते? की सवय झालीय?”

टॅबिथानं काटा खाली ठेवला. “मी जन्मल्यापासून हेच ऐकलंय. खरं आहे म्हणूनच ऐकलं असं मी धरते.” मग तीच म्हणाली, “मी एक विचारू? मी कितीतरी दफनांना बाहेर उभी राहिलेय. आत कधी गेले नाही. आमच्याकडे तसं काही करत नाहीत, पुरतो आणि कामाला लागतो. एवढा वेळ तुम्ही आत करता काय?”

मला वाटलं इंग्रिड उठून निघेल. पण तिनं कॉफी जवळ ओढली आणि सांगायला लागली. पाद्री काय बोलले. कोणतं गाणं कोणी सुरात चुकवलं. मग तळघरात खाताना लोकांनी ब्रेंटच्या गोष्टी सांगितल्या. लहानपणी त्यानं तळ्यात एवढा मोठा पाईक मासा धरला की पाण्यात ओढला जाऊ नये म्हणून बापानं पोरालाच दोरीनं होडीला बांधलं. ती गोष्ट सांगताना डुएन हसता हसता रडायला लागला आणि त्याच्या बायकोनं त्याला बटाट्याच्या कोशिंबिरीची ताटली नुसती हातात दिली.

“आणि सगळे हसतात?” टॅबिथानं विचारलं.

“हसतात, रडतात. खातात खूप.”

टॅबिथानं ताटली बाजूला सारली. नंतर वकिलीची कागदपत्रं तिनं पुढे केली, तेव्हा इंग्रिड म्हणाली, “नको. माझं मी बोलेन. तुमचा झेंड्यांचा मुद्दा मात्र घेते.”

“घ्या. तो काही माझ्या मालकीचा नाही.”

गाडीत मी विचारलं, “कशी वाटली?”

“तिला मी वाईट ठरवून आले होते,” इंग्रिड म्हणाली. “आहेच ती वाईट. पण तिला विचारायचं सुचतं.”

कोर्टात आर्ने आला. कोणी बोलावलं नव्हतं. न्यायाधीशबाईंनी त्याला काही सांगायचंय का म्हणून विचारलं.

“नियम मी मागितला,” तो म्हणाला. “त्या लोकांसाठी. हिच्यासाठी नाही.”

“नियमाला तेवढं कळत नाही, मिस्टर ट्वेट.”

“आता कळलं मला.”

इंग्रिड झेंड्यांवर बोलली. निकाल दोन आठवड्यांनी आला. झेंडा चालतो आणि पुठ्ठा चालत नाही, म्हणजे नियमानं डोळे मिटलेले नाहीत. नियम रद्द, दंड माफ.

गावात काही जणांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिच्यामुळे मिसुरीवाले आता थेट दाराशी येतील, असं म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. मग गावच्या सभेनं नवा नियम केला: त्या अंतरात काहीही धरून उभं राहायचं नाही, झेंडासुद्धा. हिवाळ्यात दुसऱ्या महायुद्धात लढलेले एक आजोबा गेले, तेव्हा आमचे झेंडेवाले आणि मिसुरीची मंडळी कोठाराजवळच्या बर्फात एकमेकांना खेटून उभी होती. कोणीतरी थर्मास आणला होता. टॅबिथानं कॉफी घेतली की नाही ते मला लांबून दिसलं नाही. इंग्रिड आणि आर्ने आत होते, एकाच बाकावर.

मार्चमध्ये खासदार लोकांना भेटायला जिल्ह्याच्या ठिकाणी आले. शाळेच्या व्यायामशाळेत खुर्च्या मांडल्या होत्या. प्रश्न विचारणाऱ्यांच्या रांगेत आर्ने उभा राहिला. इंग्रिडला त्यानं सांगितलं नव्हतं, ती माझ्या शेजारी बसली होती आणि तिनं माझं मनगट धरलं.

“माझा मुलगा ब्रेंट ट्वेट,” तो मोठ्यानं म्हणाला. “दुसऱ्यांदा आला तेव्हा तो बरा नव्हता. त्याला तिसऱ्यांदा का पाठवलंत?”

खासदार म्हणाले की त्यांना अतीव दुःख आहे, आणि त्यांचं कार्यालय चौकशी करून कळवेल. आर्ने माइकपाशीच उभा राहिला. रांगेतला त्याच्यामागचा माणूस थांबला, कोणी त्याला ढकललं नाही. शेवटी खासदार म्हणाले, “मला माहीत नाही, सर.”

“बरं,” आर्ने म्हणाला आणि येऊन बसला.

परतताना ट्रकमध्ये आम्ही तिघं होतो. बराच रस्ता गेल्यावर त्यानं विचारलं, “नीट बोललो का गं?”

“नीट बोललात, बाबा. माइक होता, एवढं ओरडायची गरज नव्हती.”

“गायींना हाका मारायची सवय,” तो म्हणाला आणि दिवे लावले.