खेचराच्या कोपरावर काहीच घडलं नाही

व्हर्लिन स्टॅम्परने एकोणीस वर्षं हातभट्टीची दारू डोंगरातून खाली शहरात पोहोचवली आणि एकदाही गाडी खड्ड्यात घातली नाही. मग त्याने तो धंदा सोडला आणि सिनेमात प्रामाणिक काम धरलं. तिसऱ्या दिवशी गाडी खड्ड्यात.

गोष्ट तिथेच मिटायची. माणूस खड्ड्यात जातो, बाहेर येतो, गाव चार दिवस हसतं आणि दुसरा कुणीतरी पडतो. पण सिनेमावाल्यांना तो खड्डा आवडला. त्यांनी तो सिनेमाच्या शेवटी लावला. नायक दारूच्या बरण्या भरून पोलिसांच्या पुढे सुसाट निघालाय, खेचराच्या कोपरावर, म्हणजे आमच्याकडच्या सगळ्यात वाईट वळणावर, त्याची गाडी उधळते, उलटते, नायक मरतो आणि त्याची आई बराच वेळ रडते. त्या गाडीत नायक नव्हता, व्हर्लिन होता. सिनेमाच्या जाहिरातीत हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, पण चित्रीकरणाच्या दिवशी शाळा, न्यायालय आणि दोन अंत्यविधी पुढे ढकलून आमचं अख्खं लॉरेल फोर्क गाव तिथे हजर होतं. गाडीचा पत्रा आणि व्हर्लिनची टोपी सोडून कशालाच इजा झाली नाही. पडद्यावर मरताना मात्र नायकच देखणा दिसला.

झालं होतं ते असं. दारूच्या गाडीला मागच्या बाजूला ट्रकचे पाटे, म्हणजे जाड स्प्रिंगा, घालतात. शंभर गॅलन माल चढला की ती सपाट बसते आणि पाद्रीबाबांची वाटावी इतकी सभ्य दिसते. रिकामी असली की शेपूट वर, आणि वळणावर बेडकासारखी उडते. व्हर्लिनने दिग्दर्शकाला हात जोडून सांगितलं होतं, "निदान पाणी तरी भरू द्या."

"बरण्या भरण्यात दुपार जाईल," दिग्दर्शक म्हणाला. "शिवाय शेपूट वर असली की गाडी पळतेय असं वाटतं."

सिनेमा गावात लागला आणि चौथा आठवडा झाला तरी हलेना. व्हर्लिन न्हाव्याकडे गेला की एस्टिल कूम्स खुर्ची झटकत म्हणायचा, "या, जपून बसा. खुर्चीला वळण आहे."

"गाडी रिकामी होती, एस्टिल. किती वेळा सांगू?"

"रिकामी? मग बरण्या फुटल्या त्या कुणाच्या? दारूचे लोट वाहताना आम्ही डोळ्यांनी पाहिलेत."

"त्या नंतर वेगळ्या फोडल्या! त्यात चहा होता! चहाच्या रंगाची दारू कधी पाहिलीस तू? आपली दारू म्हणजे झऱ्याचं पाणी."

"पडद्यावर सगळं काळं-पांढरं. तिथे कशाला रंग आलाय?" एस्टिल वस्तरा परजत म्हणाला. "मान सरळ ठेव. पुन्हा जाशील कुठेतरी."

व्हर्लिनला लिहिता-वाचता येत नव्हतं. चर्चमध्ये तो गायला लागला की डेल्फिया, त्याची बायको, त्याच्या पायावर पाय द्यायची. जमीन होती ती इतकी उभी की मक्याचे दाणे बंदुकीने झाडून पेरावे लागावेत. लोक त्याचं नाव आदराने घ्यायचे ते एकाच गोष्टीसाठी, दारूची गाडी चालवण्यासाठी, आणि तेही दबक्या आवाजात, कारण गोष्ट बेकायदेशीर. आता तेच नाव घरोघरी मोठ्याने घेतलं जात होतं. त्याच्या सासूने तर रविवारच्या जेवणात घेवड्याच्या शेंगा वाढता वाढता म्हटलं, "जावई स्वभावाने चांगले आहेत हो. वळणाचं तेवढं सोडा."

त्या रात्री त्याने जेवण टाकलं आणि सकाळी त्याच गाडीचा चेपलेला पत्रा ठोकायला घेतला.

पुढच्या रविवारी, प्रार्थना संपल्यावर, शंभर गॅलन ओढ्याचं पाणी भरून तो खेचराचं कोपर घेणार असं त्याने जाहीर केलं. जसं एकोणीस वर्षं घेतलं, तसंच. ज्याला शंका असेल त्याने येऊन बघावं. शंका सगळ्यांनाच होती, त्यामुळे उतारावर दोनशे माणसं जमली. वर चर्चच्या अंगणात तळलेली कोंबडी आणि सफरचंदाचे गोड पदार्थ कापडाखाली झाकून ठेवले होते.

चोरटी दारू पकडणाऱ्या एक्साइज खात्याचे केगल साहेबही आले. त्यांनी आधी एक बरणी उघडून हुंगली. "पाणी आहे," ते म्हणाले, जवळचं कुणी गेल्यासारख्या आवाजात. मग एका झाडाखाली माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

गाडी आली. सपाट. टायर किंचाळले नाहीत, धूळ उठली नाही. वळणात शिरली, वळणातून निघाली, गेली.

उतारावरची दोनशे माणसं अजून वरच्या रस्त्याकडेच बघत होती.

"कधी निघणार आहे हा?" एस्टिलने विचारलं.

"गेला की," मी म्हणालो.

"कोण गेला?"

"व्हर्लिन."

"ती गाडी? मला वाटलं पाद्रीबाबांचे पाहुणे आले."

तोवर व्हर्लिन गाडी फिरवून परत आला होता. त्याचा चेहरा उजळला होता, पण कुणी टाळ्या वाजवीना म्हणून हळूहळू विझायला लागला. गर्दीतून ओवा काकू पुढे झाल्या. "एवढं हळू तर मीसुद्धा चालवते रे."

"सत्तर होता, काकू! ताशी सत्तर मैल! काटा बघायला हवा होता तुम्ही!"

"काटा कशाला बघू? मी रस्ता बघत होते. रस्त्यावर काही झालंच नाही."

"काही झालं नाही, हेच तर!" व्हर्लिनचा आवाज चिरकला. "काही होऊ द्यायचं नाही, यालाच तर गाडी चालवणं म्हणतात!"

पाद्रीबाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळा, तू शांतपणे गेलास, देवाला ते आवडलं असेल. पण लोक फार लांबून आलेत. पुन्हा एकदा गेलास, आणि जरासं खड्ड्याकडे..."

"खड्ड्यात जाऊ?"

"पूर्ण नको. एक चाक."

व्हर्लिनने तोंड उघडलं, पण त्यातून निघणार होतं ते पाद्रीबाबांपुढे बोलण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात वरून डेल्फियाने कोंबडी गार होतेय म्हणून हाक मारली आणि दोनशे माणसं, सिनेमात किती बरं होतं यावर एकमत करत, वर गेली.

राहिलो आम्ही तिघं. व्हर्लिन बंपरवर बसून जमिनीकडे बघत होता. केगल साहेब त्याच्यापाशी गेले.

"डाव्या चाकाने वळणाच्या आतल्या कडेची खडी धरलीस," ते म्हणाले. "आणि ब्रेक वळणाआधी. त्या ओकच्या झाडापाशी."

व्हर्लिनने मान वर केली. "ओकच्या अलीकडे."

"अलीकडे! तरीच." साहेबांनी आधी ओक पाहिला, मग वळण. "एकोणीस वर्षं इथे तू माझ्या हातून निसटायचास. मला वाटायचं, वळणापलीकडे झाडीत कुठेतरी चोरटा फाटा आहे. तीन वेळा शोधला मी. एकदा कुत्री घेऊन."

"फाटा नाहीये, साहेब."

"नाहीये. आज कळलं."

व्हर्लिन ताडकन उठला. "मग हेच वर जाऊन सांगा ना! कोंबडी खाता खाता सांगा. चार वाक्यं. तुमचं ऐकतील ते, तुम्ही सरकार आहात."

केगल साहेबांनी घसा खाकरला. "सांगता येणार नाही, व्हर्लिन. दरवर्षी मी वॉशिंग्टनला लिहून कळवलंय की फाटा आहे. नकाशावर काढून दिलाय."

"नसलेला फाटा?"

"त्याला आता सरकारी नंबरही मिळालाय."

व्हर्लिनने टोपी काढून जमिनीवर आपटली. ती टोपी नवी होती. "म्हणजे माझी बाजू कळलेला अख्ख्या जिल्ह्यात एक माणूस, आणि तो गप्प बसणार!"

"बसणार," साहेब म्हणाले. त्यांनी टोपी उचलली, झटकली, त्याच्या हातात दिली. "पुन्हा एकदा जाशील? मघाशी माझी पापणी लवली."

व्हर्लिनने आकाशाकडे बघून काहीतरी पुटपुटलं, मागे जाऊन बरण्या तपासल्या आणि गाडी वर नेली. या वेळी मीही डोळे फाडून बघितलं. गाडी आली, गेली. मला काही दिसलं नाही.

केगल साहेब वळणावर धावले आणि गुडघ्यांवर बसून खडीत नाक खुपसून शोधू लागले. व्हर्लिन परत येऊन खिडकीतून बघत होता.

"सापडलं काही?" मी विचारलं.

"नाही," साहेब भारावून म्हणाले. "साधा ओरखडाही नाही."

"तेच तर," व्हर्लिन म्हणाला. "असता तर निदान कुणाला दाखवता आला असता."