लाल पट्टी, पिवळी पट्टी

सांगवीत नदीकडेला एका पत्र्याच्या शेडसमोर सकाळी आठलाच शंभरेक माणसांची रांग लागलेली असे. प्रत्येकाच्या काखेत मोठं पाकीट, आणि पाकिटात मेंदूत रक्तस्राव झालेल्या आपल्या माणसाच्या स्कॅनची फिल्म. आत पाटावर बसलेले छायानंद महाराज फिल्म उन्हाकडे धरत, डोळे पांढरे करत, आणि माणूस जगणार की जाणार ते सांगून मोकळे होत. आजवर एकदाही चुकले नाहीत म्हणे! तेही फिल्मवरचं नाव न बघता. महाराजांचा चेला कोंडीराम रांगेतच नावावर कागदाची पट्टी चिकटवून टाकी. "देवाला नावाची गरज न्हाई, माऊली," असं तो प्रत्येकाला ऐकवी.

काल मंजुळाबाई आणि त्यांचा मुलगा धनेश या रांगेत उभे होते. मंजुळाबाईंचे यजमान अर्जुनराव परवा आकुर्डीत राहत्या घरी चहा पिता पिता कोसळले होते. महाराजांनी त्यांची फिल्म उचलली आणि किंकाळीच फोडली, "पांढऱ्यात काळं! रेड्याचं खूर उमटलंय! अमावास्येच्या आत घरी न्या, उंबऱ्याआत जीव जाऊ द्या!"

आज दुपारी चारला धनेश अर्जुनरावांना घरी नेण्याच्या कागदावर सही करणार होता.

हे ऐकून मुलगी योगिनी आधी संतापली, मग तडक दवाखान्यात वडिलांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर निलोफरना भेटली.

"काळा डाग आहे, खोटं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ताजं रक्त स्कॅनमध्ये पांढरं दिसतं. त्यात असा काळा भाग असला तर रक्तस्राव वाढायची भीती जास्त. म्हणून तर बीपी धरून ठेवलंय, पुन्हा स्कॅन केला. डाग वाढलेला नाही."

"म्हणजे वाचतील?"

"धोका आहे एवढंच ती खूण सांगते. निकाल सांगत नाही. अशी खूण असलेले काही जण गेले, काही काठी धरून घरी गेले. पण आज इथून हलवलंत तर मात्र मी खात्रीने सांगू शकेन."

योगिनीने फिल्म पाकिटातून काढली. नावावर लालभडक पट्टी होती. ती चाकणच्या कंपनीत क्वालिटीला होती. नापास पार्टला लाल पट्टी लावण्यात तिची अकरा वर्षं गेली होती. तिने धनेशला विचारलं, "बाकीच्यांनाही लालच होती का रे?"

"न्हाई. काहींना पिवळी. हळदी-कुंकू असेल ताई."

"आणि पट्टी लावताना कोंडीराम काही बोलला?"

"इचारपूस केली बिचाऱ्यानं," मंजुळाबाई म्हणाल्या. "डॉक्टर काय म्हणतेत, जेवतेत का. म्या रडलेच."

योगिनीला हसावं की कपाळ बडवावं कळेना. कंपनीत तपासणाऱ्यालाही तपासतात. तोच पार्ट त्याला नकळत पुन्हा देतात. एकदा पास, एकदा नापास म्हणाला तर दोष पार्टात नसतो. तिने लाल पट्टी सोलून काढली आणि रात्रीची शिफ्ट संपवून आलेल्या कंपनीतल्या अन्वरला फोन केला.

अकरा वाजता अन्वर तीच फिल्म घेऊन रांगेत होता. योगिनी, धनेश आणि मंजुळाबाई शेडच्या पत्र्याआड उभे राहिले.

"कसं हाय पेशंट, भाऊ?" कोंडीरामने विचारलं.

"एकदम झकास! चाचा काल उठून बसले, शिरा मागितला." अन्वर दात काढून हसला.

कोंडीरामने पिवळी पट्टी लावली. महाराजांनी फिल्म उन्हात धरली, अंगाला झटके दिले. "वा! पांढऱ्यात काळं! देवाचा डोळा उघडलाय! शंभरी गाठणार!"

"कालचं खूर कुठं गेलं?" धनेश ओरडतच आत शिरला. त्याने फिल्म ओढून पट्टी फाडली. खाली अर्जुनरावांचं नाव होतं. "काल हीच फिल्म होती, महाराज! काल मारलंत, आज शंभर वर्षं दिलीत!"

रांगेत गलका उठला. योगिनीने पट्ट्यांचं गुपित फोडून सांगितलं: रांगेत विचारपूस करून कोंडीराम सुधारणाऱ्याला पिवळी, गंभीर असलेल्याला लाल लावतो, आणि महाराज फक्त रंग वाचतात. महाराज म्हणाले, "काल ग्रह वक्री होते." कुणीतरी फस्सकन हसलं. कोंडीराम पट्ट्यांचा डबा घेऊन मागच्या दाराने सटकला.

तेवढ्यात एक बाई पुढे आल्या. कस्तुरा नाव त्यांचं, हातात झेंडूचा हार.

"पर माझ्या मालकाचं खरं निघालं की," त्या म्हणाल्या. "घरी न्या म्हणाले, नेलं. चौथ्या दिशी गेले. म्हणून तर हार आणलाय."

योगिनी त्यांच्याजवळ गेली. तिने हळूच विचारलं, "मावशी, दवाखान्यात काय काय लावलं होतं त्यांना?"

"नाकात नळी. शिरेतून औषध."

"आणि घरी?"

"घरी कुठलं औषध," कस्तुराबाई म्हणाल्या. मग त्यांनी हार खाली ठेवला. महाराज एकदाही का चुकले नाहीत, ते शेडमधल्या सगळ्यांना एकदमच कळलं. ज्याला ते जाणार म्हणत, त्याला नातेवाईक स्वतःच्या हाताने औषधावरून उठवत. मग तो जायचाच.

चारला धनेशने सही केली नाही. दीड महिन्याने अर्जुनराव उजवा पाय ओढत घरी आले. महाराजांच्या कृपेने नाही, आणि डॉक्टरांच्या हमीनेही नाही. तशी हमी त्यांनी दिलीच नव्हती. जो माहीत नसलेल्याला माहीत नाही म्हणतो, त्याच्याकडे आपलं माणूस ठेवा. आणि कुणाचं भाकीत खरं ठरलं म्हणून हार घेऊन निघालात, तर आधी एवढं विचारा: ते खरं करायला हात कुणाचे लागले?