मंगळवारनंतर जन्मणाऱ्या माशा

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या मानेवर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी चिकटवण्यात आली. माझ्यात काहीही बिघडलेले नव्हते.

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. विद्यापीठाच्या अनुवंशशास्त्र विभागात, खिडकीजवळच्या टेबलावर, मी एकतीस वर्षे काढली. कारखान्यात माझी भिंगे घासून झाल्यावर कारागिराने माझ्याखाली स्वतःचा अंगठा धरला. रेषा स्वच्छ दिसल्या, म्हणून त्याने मला पेटीत घातले. जे आहे ते दाखवायचे, एवढीच माझी परीक्षा. तीत मी एकदाही नापास झालो नाही.

माझ्याखाली येतात त्या फळमाशा. पिकल्या केळ्यावर घिरट्या घालतात त्याच, तिळाएवढ्या. विद्यार्थी लांब पंखांच्या माशीची जोडी आखूड पंखांच्या माशीशी लावतात. पहिल्या पिढीत सगळ्यांचे पंख लांब. दुसऱ्या पिढीत आखूड पंख परत येतात, चारांत एक. हे पुस्तकात आहे आणि खरेही आहे. माशांना ईथरच्या वासाने गुंगी आणायची, माझ्याखालच्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर पसरायचे, कुंचल्याने एकेक बाजूला सारत मोजायचे.

मोजणी मंगळवारी, कारण प्रात्यक्षिकाचा तास मंगळवारी. त्याच दुपारी प्रयोगशाळेचे सेवक, ज्यांना सगळे मामा म्हणतात, बाटल्या उकळत्या पाण्यात धुतात.

माझा राग इथे आहे. आखूड पंखांच्या माशा अशक्त असतात, कोषातून उशिरा निघतात. मंगळवारी त्यांतल्या निम्म्या अजून काचेला चिकटलेल्या कोषांतच असतात. कोणी बाटली माझ्याखाली आडवी धरली, तेव्हा मी त्या पाहिल्या आहेत. एकतीस वर्षे त्या जन्मायच्या आधीच मोरीत गेल्या. आणि जर्नलमध्ये काय लिहिले गेले? दोनशेपैकी पन्नास. दरवर्षी, प्रत्येकाच्या, फार तर एकावन्न. उत्तर आधी, माशा नंतर.

त्या मंगळवारी एका मुलीने एकोणतीस लिहिले.

"एकोणतीस?" सर म्हणाले. "बाईसाहेब, पन्नास यायला हवेत."

"नाही आल्या, सर. दोनदा मोजल्या."

"मग या शेजारच्याच्या कशा आल्या?"

"त्यानं माशा नाही मोजल्या सर, मैत्रिणीचं जर्नल मोजलं."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "या यंत्राचंच काहीतरी झालंय," असे म्हणून त्यांनी चिठ्ठी मागवली. नाचता येईना, अंगण वाकडे. खापर फोडायला माझे डोके जवळ होते.

हेच सर चोवीस वर्षांपूर्वी माझ्यासमोर याच स्टुलावर बसत. त्यांच्या चौतीस आल्या होत्या. त्यांच्या सरांनी डोळे वटारले, तेव्हा त्यांनी चौतीस खोडून पन्नास केले. खोडरबराचा भुगा माझ्यावर फुंकला होता. मी विसरलेलो नाही.

"सर, कोष अजून भरलेले आहेत," मुलगी म्हणाली. "बाटली शुक्रवारपर्यंत ठेवू द्या."

"म्हणजे पुढची पिढी निघेल. मग आई कोण नि लेक कोण, कसं ओळखणार?"

"तिला अजून आठवडा आहे, सर."

"शनिवारी दुपारी एकपर्यंत जर्नलवर सही नसेल, तर परीक्षेला बसता येत नाही, माहीत आहे ना? पन्नास लिही. आत्ता सही करतो."

तिने पेनाला टोपण लावले.

तासानंतर मामा बादली घेऊन आले.

"मामा, एवढी एक राहू द्या."

"सगळ्या धुवायला सांगितल्यात, पोरी."

"एवढीच."

मामांनी बाटली उजेडाकडे धरली. बराच वेळ धरली. मग ती तापमान राखणाऱ्या कपाटात सर्वांत मागे सरकवली. "विचारलं तर सांगेन, माझं लक्ष नव्हतं," ते म्हणाले आणि बाकीच्या बाटल्या घेऊन गेले.

मित्रांनो, भिंग मऊ कापडाने पुसा, बोटे लावू नका, काम झाले की झाकण घाला. हे तुम्हाला शाळेपासून सांगितलेले आहे. पण भिंग लख्ख पुसून, त्यातून नीट पाहून, वहीत दुसरेच लिहिणार असाल, तर माझ्यावर धूळ साचू द्या. धूळ निदान खोटे बोलत नाही.

मला कपाटावर, भिंतीकडे तोंड करून ठेवले आहे. शुक्रवारी सकाळी दहा वाजता मुलीने बाटली काढली आणि नव्या सूक्ष्मदर्शकाखाली नव्या माशा मोजल्या. ती पुटपुटत मोजते. एकसष्टवर थांबली. त्यांत आखूड पंखांच्या किती, ते मला इथून दिसले नाही.

आज शनिवार. साडेअकराला तिने जर्नल आणि बाटली सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. मामा आत्ताच मुलीला सांगून गेले की जर्नल उघडे आहे, सरांच्या हातात खोडरबर नाही, पेनही नाही, ते बाटलीकडे पाहत बसले आहेत.

बारा वाजून वीस मिनिटे झाली आहेत.