बटाट्याच्या अंगातली गाठ

दर गुरुवारी दुपारी आमच्या बंद साखर कारखान्याच्या गव्हाणीपुढे जी गर्दी उसळे, ती ऐन गळितातही कधी पाहिली नव्हती. दुष्काळात ऊसच उरला नव्हता, दोन हंगाम बॉयलर पेटला नव्हता. जिथे पूर्वी उसाच्या मोळ्या पडत तिथे आता पाण्याचा टँकर उभा राही, आणि टँकरपाठोपाठ बंकटबुवा येत. हंडे घेऊन ताटकळलेली माणसं त्यांना आयतीच सापडत.

गुडघेदुखीपासून आतड्याच्या कॅन्सरपर्यंत बुवांना काही वर्ज्य नव्हतं. रोग्याच्या बोटाला बाभळीचा काटा टोचायचा, रक्ताचे दोन थेंब वाटीतल्या ‘तीर्थात’ पाडायचे, की पांढरा फेस फसफसत वर येई.

“आली, गाठ उतू आली!” बुवा गर्जत. “डाक्टर कापून काढतो, आमी उकळून काढतो! न कळ, न टाका!”

बाया वाटीलाच हात जोडत. काट्याने बोट दुखलं तरी ‘न कळ’च म्हणायचं, असा तिथला रिवाज होता.

माझ्या शेजारचा शहादेव दर गुरुवारी बायकोला तिथे नेई. चंद्रभागाबाईंचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन नगरला झालेलं. दर तीन महिन्यांनी रक्त तपासून कागद दाखवायला या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेतला केमिस्ट, म्हणून एका सकाळी शहादेव तेच कागद नाचवत माझ्याकडे आला.

“केमिस्ट साहेब, लई झ्याक झालं! हे सीईए बघा. आधी तीन, मग अकरा, आन् आता चौऱ्याऐंशी!”

मी तिन्ही आकडे पुन्हा वाचले. “डॉक्टरांना दाखवलंस?”

“कावून दाखवू? बुवा म्हनले, गाठ पिकली की आकडा चढतो. आपल्या उसावानीच की. आता फुटंल.”

यात त्याचा मूर्खपणा नव्हता, त्याचं काम होतं. शहादेव कारखान्याचा शेतीखात्यातला माणूस. उभ्या उसाला टोचून रसाचा थेंब यंत्राच्या काचेवर घ्यायचा आणि गोडीचा आकडा वाचायचा, यात त्याची वीस वर्षं गेली. आकडा चढला की ऊस पिकला, द्या तोड! चढलेल्या आकड्याचं वाईट वाटायची त्याला सवयच नव्हती. बुवांनी ती बरोबर हेरली.

“अरे, कॅन्सरची गाठ रक्तात एक प्रथिन सोडते, त्याचा हा आकडा,” मी म्हणालो. “ऑपरेशननंतर तो खाली राहायला हवा. असा चढत गेला तर कॅन्सर परतल्याची भीती असते. लगेच शोध घ्यावा लागतो. उद्याच नगरला चल.”

“मग त्यो फेस?” तो हट्टाला पेटला. “फेस म्या डोळ्यानं बघितला, साहेब. तुमचं परथिन कुनी बघितलंय?”

फेस मोडल्याशिवाय हा हलणार नव्हता. दुसऱ्याच दिवशी गुरुवार होता. मी रांगेत शिरलो आणि बुवांपुढे बोट धरलं. थेंब पडले, फेस आला.

“मी तर ठणठणीत आहे,” मी लोकांकडे वळून म्हणालो.

बुवा जराही डगमगले नाहीत. “बघा रे, साहेबाच्याबी आतड्यात गाठ! अन् त्यालाच पत्ता न्हाई!”

झालं! बघायला आलेले चौघं घाबरून रांगेत उभे राहिले. माझं शहाणपण बुवांच्याच पथ्यावर पडलं.

मग मी खिशातून बटाटा काढला, चाकूने कापला आणि फोड त्यांच्या वाटीत टाकली. फेस फसफसून वर आला.

“बुवा, बटाट्याचं आतडं कुठं असतं?”

आधी रांगेत हंडा घेऊन उभी असलेली मुक्ताबाई खुदकन हसली, मग सगळी रांग. त्या हशातच मी तीर्थाची बाटली उचलली. “हे हायड्रोजन पेरॉक्साइड. जखम धुवायला औषधाच्या दुकानात मिळतं. रक्तात एक पदार्थ असतो, तो बटाट्यातही असतो. त्याने हे फुटतं, प्राणवायू सुटतो आणि फेस होतो. रोग्याचं रक्त असो, निरोग्याचं असो की बोकडाचं, फेस तोच!”

बुवांनी झोळी उचलली आणि टँकरच्या केबिनमध्ये चढून ते पसार झाले. शहादेवने मात्र खिशातले ते कागद काढून माझ्या हातात दिले.

शुक्रवारी आम्ही नगर गाठलं. स्कॅन झाला. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. “यकृतभर पसरलाय. आकडा अकरा झाला तेव्हा आणलं असतं, तर कदाचित यकृताचा तेवढा भाग काढता आला असता. आता त्रास कमी करू, एवढंच.”

 परतताना जीपमध्ये, कडा गावाच्या अलीकडे, चंद्रभागाबाईंनी विचारलं, “साहेब, त्यो फेस औषधाचा हाय, हे तुमाला कवा कळलं?”

“पहिल्याच गुरुवारी.”

“मंग?”

 सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेला मी, चार महिने ओट्यावर बसून त्या गर्दीला हसत होतो.

दिवाळीच्या आत चंद्रभागाबाई गेल्या. म्हणून हात जोडून सांगतो: रक्ताच्या कागदावरचा आकडा बुवाला विचारू नका, स्वतःच्या अंदाजानेही वाचू नका, डॉक्टरांपुढे ठेवा. आणि लबाडी ओळखता येत असेल तर त्याच दिवशी उठा, चारचौघांत जाऊन बोला. बुवाने चंद्रभागाबाईंना फसवलं हे खरं, पण ते चार महिने त्याला मी दिले.