टांगून घेतलेलं माप

अख्खा रस्ता त्याला उस्ताद म्हणायचा, आणि खरं सांगायचं तर रस्त्याला ते त्यानेच शिकवलं होतं. दुसऱ्या गॅरेजात काम झालेली गाडी दिसली की हा दोन पावलं मागे सरकायचा, एक डोळा मिटून तिची उंची बघायचा आणि जाहीर करायचा, "लटकवून आवळलीय!" चाकांना धरणाऱ्या दांड्यांच्या टोकाला रबरी बुश असतात. त्यांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चारी पायांवर उभी असताना. चाकं हवेत लोंबत असताना आवळले, तर गाडी खाली टेकताना रबर पिळलं जातं आणि तिला नीट बसू देत नाही, ती उंचच राहते. हे ज्ञान उस्ताद चहा पिता पिता फुकट वाटायचा.

आणि नेमकी हीच चूक त्याने केली. तीही सख्ख्या बहिणीच्या गाडीत.

ताईची स्टेशन वॅगन वीस वर्षांची. भावजी शिंपी. तीन वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू लुळी पडली, तेव्हापासून ते चाकाच्या खुर्चीत. ही लांबलचक गाडी ठेवली होती ती मागे खुर्ची मावते म्हणून. शिवाय खुर्ची आणि गाडीची सीट अगदी एका पातळीत यायची. मध्ये गुळगुळीत फळी टाकली की भावजी कुणाचाही हात न धरता आपले आपण सरकत आत जायचे. आठवड्यातून तीनदा ताई त्यांना व्यायामाला न्यायची आणि डाव्या हाताची बोटं जरा जरा उघडायला लागली होती.

गाडीच्या स्प्रिंगा आणि शॉक थकले तेव्हा उस्तादाने सगळं नवं बसवलं. काम चोख झालं, शेवटचे बोल्ट तेवढे उरले. गाडी लिफ्टवर होती, चाकं लोंबत होती. ती खाली उतरवायची, गॅरेजातल्या कामाच्या खड्ड्यावर घ्यायची, मग आपण खड्ड्यात उतरायचं, आणि गुडघे तर सकाळपासून ठणकत होते. 'घरचीच तर गाडी,' असं म्हणत त्याने वरच आवळून टाकलं.

गाडी ताईच्या दारात लावली, तेव्हा भावजी तिच्याकडे बघत म्हणाले, "जरा उंच नाही का वाटत?"

शेजारचे दोघंतिघं जमले होते. उस्ताद म्हणाला, "भावजी, तुम्ही पँटची उंची बघा, गाडीची मी बघतो! नव्या स्प्रिंगा आहेत, महिनाभरात बसतील."

सगळे हसले. भावजीही हसले. काय झालंय ते उस्तादाला त्याच क्षणी कळलं होतं, त्यासाठी डोळा मिटायचीही गरज नव्हती. पण चारचौघांत कबूल कोण करणार? पडला तरी नाक वर.

पुढे तीन आठवडे तो तिकडे फिरकला नाही. फोनवर विचारायचा, "बसली का गाडी?" ताई म्हणायची, "बसेल रे, तू म्हणालायस ना." हे ऐकलं की तो घाईने दुसराच विषय काढायचा.

शेवटी एका रविवारी ताईने जेवायला बोलावलंच. भावजी टेबलाशी बसले होते. खुर्चीवर नवी जाड गादी होती, आणि तिच्यामुळे त्यांचे पाय खालच्या पट्टीला टेकत नव्हते. ते हवेत लोंबत होते.

"नवी गादी?" उस्तादाने विचारलं.

"काल झाली शिवून. मशीनवर एका हाताने वेळ लागतो," भावजी म्हणाले. "दोन इंच वाढवलीय. आता फळी सरळ राहील. उद्यापासून पुन्हा व्यायामाला जातो."

"पुन्हा म्हणजे? जात नव्हतात?"

ताई पोळी वाढता वाढता थांबली. "फळीला चढ आला रे. पहिल्याच दिवशी हे घसरले. मी उचलायला गेले तर माझी पाठ धरली. मग घरीच राहिलो." आणि लगेच म्हणाली, "तुझा काही दोष नाही, बारक्या. जुनी गाडी, तिला नवं मानवायला वेळ लागणारच."

भावजींचा डावा हात मांडीवर होता. बोटं पुन्हा घट्ट मिटली होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं उस्तादाला झालं. हातातला घास ताटात ठेवून तो उठला, त्याने किल्ली घेतली आणि ताई हाका मारत असताना गाडी काढली.

बंद गॅरेज उघडून त्याने गाडी खड्ड्यावर घेतली, गुडघ्यांना शिव्या घालत खाली उतरला आणि एकेक बोल्ट सैल केला. शेवटच्या बोल्टाला रबराने कुईं करून पीळ सोडला आणि त्याच्या डोक्यावरची गाडी हळूच खाली बसली. मग त्याने सगळे बोल्ट पुन्हा आवळले. अर्ध्या तासाचं काम होतं. एवढ्या अर्ध्या तासासाठी त्याने भावजींना तीन आठवडे घरात डांबलं होतं.

परत आला तेव्हा त्याचं ताट झाकून ठेवलेलं होतं. तो बसला नाही.

"भावजी, स्प्रिंगांचा काही संबंध नव्हता. गाडी हवेत टांगलेली असताना मी बोल्ट आवळले. चुकलो." "आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

बारक्या खोटं बोलेल असं ताईला कधी वाटलंच नव्हतं.

"म्हणजे गिऱ्हाइकाला टांगून पँटचं माप घेतलंस," भावजी म्हणाले.

"हो."

या खेपेला कुणी हसलं नाही.

"मला वाटलं, शिंप्याने उगाच गाडीतलं कशाला बोलावं," भावजी म्हणाले. "म्हणून गादी शिवली."

त्यांनी खुर्ची बाहेर न्यायला लावली, गळ्यातली टेप काढली आणि उस्तादाला टोक धरायला सांगून सीटची उंची मोजली. "पूर्वीपेक्षा अर्धा इंच जास्त आहे. तो नव्या स्प्रिंगांचा, तेवढा चालेल."

घरात आल्यावर ताईने आणि उस्तादाने त्यांना पलंगावर बसवलं. भावजींनी गादी उस्तादाकडे दिली, वर छोटी कात्री ठेवली.

"आत अर्ध्या-अर्ध्या इंचाचे चार थर आहेत. तीन काढ. शिवायला जमलं, पण एका हाताने उसवायला नाही जमत."

उस्ताद जमिनीवर बसला. टाके बारीक होते, एकसारखे, आणि प्रत्येक कोपरा तीनदा शिवून पक्का केलेला. दुसऱ्या कोपऱ्याशी पोचला तेव्हा त्याला टाके नीट दिसेनासे झाले.

"सावकाश," भावजी म्हणाले. "कापड फाडू नकोस."