शून्य वॅटचे डॉक्टर

बाबांना जाऊन सात आठवडे झाले होते, आणि गुरुवारी सकाळी त्यांचा पंप गेला. आईने दोन्ही बातम्या मला फोनवर एकाच आवाजात सांगितल्या होत्या.

मी पोचले तेव्हा मागच्या खोलीत दातवाले डॉक्टरकाका स्टुलावर उभे होते. बाबांसारखेच तेही माशांसाठी वेडे. या खोलीत बावीस काचपेट्या तीन मजली मांडणीवर आहेत. सगळ्यांत वरच्या पेटीत पडलेलं पाणी पेटीपेटीतून खाली उतरत जमिनीवरच्या टाकीत येतं, तिथे गाळलं जातं, आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. आता पंपाच्या जागी काका होते. खालून शेजारच्या शिवणवाल्या मावशी जग भरून देत, काका तो वर ओतत. आई समोर खुर्चीवर बसून मोजत होती.

"दोन लिटरचा जग, मिनिटाला आठ," ती मला म्हणाली. "म्हणजे तासाला साडेनऊशे लिटर. आणि चहा सोडला तर काही लागत नाही."

मी सोमवारी परत जाणार होते. त्याआधी पंप बसला नाही तर आई एकटी, बावीस पेट्या आणि एक जग. म्हणून शुक्रवारी पंपवाल्याला बोलावलं. तो तीन खोकी घेऊन आला. मी कागदावर रकाने आखले होते: वॅट, लिटर, उंची. जुना पंप नव्वद वॅट खायचा, यातला सगळ्यांत कमी खाणारा पंचवीस.

"हा तासाला तीन हजार लिटर देतो," पंपवाला म्हणाला. "पण ते शून्य उंचीला हं. सहा फुटांवर बाराशे धरा."

"शून्य उंचीला पाणी असतंच की," आई म्हणाली. "त्यासाठी पंप कशाला?"

दुसरा आवाज करत होता. तिसरा मुळीच आवाज करत नव्हता, म्हणून तोही गेला. "चालू आहे की बंद, माणसाला कळायला नको? घुम्यासारखा बसलाय."

"वहिनी, हा पंचवीसवाला सगळ्यांत काटकसरी," पंपवाला म्हणाला.

"डॉक्टर शून्य वॅट."

"डॉक्टरांना वॉरंटी नाही हो!"

"अडुसष्ट वर्षं चाललेत. एकदाही उघडावे लागले नाहीत."

"एकदा," स्टुलावरून काका म्हणाले. "पित्ताशय."

शनिवारी पंपवाला आणखी तीन खोकी घेऊन आला. आईने एकाची वायर आखूड ठरवली, एकाचा रंग माशांना न मानवणारा. तिसरा तिने सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला, मग म्हणाली, "याचं तोंड वाकडं आहे." तेवढ्यात मावशींचा हात दुखायला लागला, तर तिने पंपवाल्याच्याच हातात जग दिला. तोही तासभर पाणी चढवत राहिला आणि अधूनमधून पंपाचे गुण सांगत राहिला.

मी दारात उभी राहून ते बघितलं. काका मावशींना कवळीचा किस्सा सांगत होते. आई हसली. सात आठवड्यांत तिला भेटायला आलेली माणसं बाहेरच्या खोलीत दहा मिनिटं अवघडून बसायची, पाणी प्यायची आणि निघायची. इथे कुणाला निघता येत नव्हतं. निघालं तर मासे मरतील.

मग मला सगळी खोकी एकदम कळली.

रविवारी दुपारी मी आईला न विचारता पंपवाल्याला पंचवीस वॅटवाला बसवायला सांगितला. पंप चालू झाला. पाणी निमूट वर चढलं, पेटीपेटीतून उतरलं. मावशींनी हात पुसले. काका स्टुलावरून उतरले आणि स्टूल कुठे ठेवायचं ते त्यांना समजेना. आई खुर्चीवरून पाण्याकडे बघत होती. तिचे ओठ अजून मोजत होते.

"चला मग," काका म्हणाले आणि चपला शोधू लागले.

मी माझा कागद काढला.

"हा चोवीस तास चालणार," मी म्हणाले. "रोज संध्याकाळी चार ते सहा बंद ठेवला, तर वर्षाला अठरा युनिट वाचतील."

आईने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं.

"अठरा!" काका म्हणाले. "अठरा म्हणजे काही कमी नाही."

"अहो, पण अठरा युनिटसाठी..." पंपवाल्याने सुरुवात केली. मावशींनी त्याच्या पायावर पाय दिला.

"दोन तास पाणी थांबून कसं चालेल?" आई म्हणाली. "कुणीतरी चढवायला लागेल. डॉक्टर, तुम्ही सोमवार-गुरुवार. शिवणकाम सोडून तुम्हाला कधी जमेल हो?"

"बुधवारी. आणि रविवारी."

"मग मंगळवार उरला, शुक्रवार, शनिवार."

पंपवाला पंपाकडे बघत होता. त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर तसाच होता.

"मंगळवारी," तो म्हणाला, "माझं दुकान बंद असतं."